चारशे बारावी ओळ

कोपर, डोंबिवली पश्चिम
१० जानेवारी २०२५

चि. साकेत,

तुला, पायलला आणि रुचिताला आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. यंदा थंडी अशी पडलीच नाही, पहाटे तेवढी चादर लागते. गुडघ्याला नवीन तेल लावते आहे. वास वाईट आहे, पण उतार पडतो. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "गोदाताई, कादंबऱ्यांचं कपाट तुम्ही संपवलंत, आता प्रवासवर्णनांकडे वळा." वळले आहे. सध्या मी तिबेटमध्ये आहे.

फोन असताना आईने पत्र का टाकलं, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्ये बोलतोस. "हां आई, कळलं, कळलं" म्हणतोस, आणि तुला कळलेलं नसतं. कागदाच्या मध्ये कुणाला बोलता येत नाही.

तुझा खाकी लिफाफा सोमवारी मिळाला. तू स्वतः आणून दिला असतास तर बरं वाटलं असतं. समितीचा सचिव म्हणून दर रविवारी गढीवर येतोस, आणि घर तिथून पंधरा मिनिटांवर आहे. पण दिवाळीत तू फलकाचं बोललास आणि मी "हे राहू दे रे" म्हटलं तेव्हापासून तू जिना चढलेला नाहीस. असो.

कागद मी तीनदा वाचला. "मी, श्रीमती गोदा धाकू केणे, लिहून देते की माझे पती कै. धाकू केणे हे रेवाळे गढीवर एकतीस वर्षे पहारेकरी होते, व तेथील गवाक्षयुक्त दालन हे वीरपत्नी गंगुबाई हिचे असल्याचे पिढ्यान्‌पिढ्या ऐकीव आहे, असे ते सांगत असत." खाली माझ्या सहीसाठी पेन्सिलीने फुली.

यात चुका आहेत. वर्णनापासून सुरू करते.

"गवाक्षयुक्त दालन" कुणी लिहिलं? तुमच्या समितीतल्या बंटीने? तिथे गवाक्ष नाही. दीड पुरुष उंचीची चौकोनी दगडी कोठी आहे आणि तिला दार नाही. कधी होतं अशी खूणही नाही. खाडीच्या बाजूला चार भोकं आहेत, त्यातून माझा हात कोपरापर्यंत जातो, तुझा मनगटाशी अडकेल. गावाकडच्या बाजूला एकही भोक नाही. ईशान्येचा कोपरा ढासळला, तेव्हा आत सात पायऱ्या दिसल्या. सात पायऱ्या चढल्या की पुढे भिंत. वर जायला जागा नाही, खाली तळघर नाही. गढी फिरंग्यांनी बांधली की नंतर कुणी, यावरही शिकलेल्या माणसांचं एकमत नाही. कोठीबद्दल तर कुणालाच काही सांगता आलेलं नाही. जुनी माणसं तिला मुकी कोठी म्हणायची ती याच कारणाने.

दुसरी चूक, "असे ते सांगत असत."

तुझे बाबा काय सांगत असत ते तुला पक्कं माहीत आहे. माणसं यायची, बुरुजाशी फोटो काढायची, आणि शेवटी कोठीशी थांबून विचारायची, "मामा, हे काय आहे?" बाबा म्हणायचे, "ठाव नाय." मग लगेच विचारायचे, "तुमाला काय वाटतं?" समोरचा गोंधळायचा, डोकं खाजवायचा, काहीतरी बोलायचा. बाबा आपली लांब वही काढायचे आणि आकडा घालून त्याची ओळ लिहायचे. नाव, राहणार, अंदाज.

संध्याकाळी चहाला बसल्यावर त्या दिवसाच्या ओळी ते मला वाचून दाखवायचे. मिठाचं कोठार. कबुतरखाना. कैद्यांसाठी, असं नौपाड्याच्या एका वकिलाने लिहिलं. वसईचा एक ऑस्वल्ड म्हणून होता. तो म्हणाला, आमच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये अशाच पायऱ्या घंटेकडे जातात, पण तिथे घंटा आहे. वर्तकनगरच्या एका सात वर्षांच्या मुलीने सांगितलं, लपाछपीसाठी. बाबांनी सगळ्यांना सारखीच एकेक ओळ दिली. वकिलाला दोन दिल्या नाहीत आणि पोरीला अर्धी दिली नाही.

तुला याची लाज वाटायची. सहावीत असताना वर्गात कुणीतरी म्हणालं, "ह्याच्या बापाला गढी राखायला ठेवलीय आणि त्यालाच माहीत नाही काय राखतोय." तू दोन दिवस बाबांच्या पंगतीला बसला नाहीस. मी तुला रागावले होते. रागवायचा मला हक्क होता का, हे वेगळं.

लिफाफ्यातल्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "आई, सही केलीस तर फलकावर बाबांचं नाव येईल. काळ्या दगडात." ते वाचून मी भाजी चिरता चिरता थांबले. खोटं कशाला सांगू, मला ते नाव दगडावर बघायला आवडेल. त्यांना जाऊन अडीच वर्षं झाली. त्यांना चहात आलं चालायचं नाही, म्हणून मी इतकी वर्षं टाकलं नव्हतं. आता टाकते, आणि तो चहा मला गोड लागत नाही.

सही अजून केलेली नाही. पेन नाही म्हणून नव्हे, घरात चार पेनं आहेत.

परवा मी गढीवर चालत जाऊन आले. कोठीच्या भिंतीशी हिरव्या बांगड्या, खण, नारळ, हळदीकुंकवाचा सडा. भोकांत कुणी अगरबत्त्या खोचल्यात. जवळ गेले तर एका बाईने मला दंडाला धरून हळूच बाजूला केलं. "मावशी, जरा लांबून हां. इथे सवाष्णींचं असतं." वाईट बोलली नाही बिचारी. मी लांबून बघितलं आणि काही न बोलता परत आले.

का बोलले नाही, ते आज लिहीत नाही. दूध तापत ठेवलं आहे.

रुचिताला खोकला असेल तर ज्येष्ठमध दे.

तुझी आई


२१ जानेवारी २०२५

चि. साकेत,

आशीर्वाद. पायलने पाठवलेला तिळगूळ पोचला. लाडू जरा कडक झालेत, पण चव छान आहे.

संक्रांतीला तू गोड बोलायला फोन केलास आणि तिसऱ्या वाक्याला ओरडलास. तू काय काय म्हणालास ते मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर तू "मी असं बोललोच नाही" म्हणशील.

तू म्हणालास, "सगळ्या कोपरला माहितेय, गंगुबाई तिथे नवऱ्याची वाट बघत बसायची. फक्त माझ्या आईला माहीत नाही."

तू म्हणालास, "रवींद्र सरांच्या पुस्तिकेत छापलंय ते. ते काय येडे आहेत?"

तू म्हणालास, "आपल्या आजीचं नाव गंगुबाई होतं, ते पण तिच्यावरूनच ठेवलं असणार. विचार कर ना जरा! आपलं घराणं जोडलेलं आहे त्या जागेशी."

आणि शेवटी म्हणालास, "रथसप्तमीला फलक आहे. तू पुढच्या रांगेत खुर्चीवर बस, मानाने बस. फक्त ओटीच्या वेळेला वर येऊ नकोस. मला काही नाही गं, पण लोक बोलतात."

मी फोन ठेवला. तेव्हापासून सात दिवस हे पत्र डोक्यात लिहिते आहे. आता कागदावर.

साकेत, ती गंगुबाई मी रचली.

डिसेंबर १९९८. तू बारा वर्षांचा होतास. बाबांना त्या दिवशी खात्याच्या कचेरीत बोलावलं होतं, म्हणून गढीवर मी बसले होते, त्यांच्या लोखंडी खुर्चीवर, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक घेऊन. ठाण्याच्या एका शाळेची सहल आली. चाळीस मुलं आणि एक तरुण मास्तर. तेच तुमचे रवींद्र सर. कोठीशी आल्यावर त्यांनी विचारलं, "ओ बाई, हे काय आहे?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते मुलांकडे वळून हसले. "बघा मुलांनो, माणसं जन्मभर एखाद्या जागी राहतात आणि त्यांना काही माहीत नसतं. म्हणून शिकायचं."

चाळीस मुलं हसली.

मी सातवी शिकलेली. त्या वर्षी मी वाचनालयातलं एकशे दहावं पुस्तक वाचत होते, मी मोजायचे तेव्हा. मी पुस्तकात बोट घालून उभी राहिले आणि म्हटलं, "थांबा सर. माहीत आहे. परक्या माणसांना सांगत नाही म्हणून."

आणि मग सांगत सुटले. गढीच्या किल्लेदाराचं गलबत खाडीतून समुद्रात गेलं ते आलं नाही. त्याची बायको रोज सात पायऱ्या चढायची आणि भोकांतून खाडी बघायची. आठव्या वर्षी तिने गवंड्याला बोलावलं आणि आत उभी राहून दार चिणून घेतलं. मुलं ऐकत पुढे सरकली. एक मुलगी तर रडायला लागली. मास्तरांनी वहीत लिहून घेत विचारलं, "नाव काय तिचं?"

नाव मी ठरवलेलं नव्हतं. तोंडात आलं ते बोलले. "गंगुबाई."

तुझी आजी, साकेत. माझी सासू. ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि तिचं नाव अजून दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडात यायचं. तुला ती खाटेवरची म्हातारी आठवते. मला मिठागरातली आठवते. कमरेला पदर खोचून, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून धावत जाणारी. तुझे आजोबा गेले तेव्हा ती तिशीचीही नव्हती. तेरावं होताच ती आगरावर कामाला उभी राहिली. मुकादम म्हणाला, "गंगे, अजून महिना घरी बस, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "लोकांना सांग, पाटी उचलायला या." मी पुस्तक घेऊन बसले की ओरडायची, "काय गो गोदे, त्या कागदांवर भात शिजतो का?" आणि दुपारी मिश्री लावत बसली की मलाच म्हणायची, "वाच जरा मोठ्याने, काल त्या बाईचं काय झालं?"

त्या बाईला मी आठ वर्षं भोकातून खाडी बघायला लावली. भिंतीत चिणली. आणि आता तिची ओटी भरतात, आणि तिथे विधवेला दंड धरून बाजूला करतात. तिने हे बघितलं असतं तर पाटीभर मीठ त्या हळदकुंकवावर ओतलं असतं.

पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे, फक्त उलट्या बाजूने. मास्तरांनी ती गोष्ट शाळेच्या वार्षिक अंकात लिहिली. मग पेपरच्या पुरवणीत आली, मग त्यांच्या पुस्तिकेत "स्थानिक वृद्धा सांगतात" म्हणून आली. गोष्ट सांगितली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. नंतर कुणीतरी पहिल्या बांगड्या ठेवल्या.

बाबांना कळलं दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये. एका पाहुण्याने त्यांनाच ती गोष्ट ऐकवली. संध्याकाळी चहाला बसल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही गंगुबाई कोण गो? आपली आई?" आणि असे हसले की कपातला चहा सांडला. "आमची आई नि वाट बघणार? ती जेवायलाबी कुणासाठी थांबली नाय कधी!" मग हसू थांबलं. बशी पुसत म्हणाले, "वहीत लिव. तुझा अंदाज म्हणून. म्हणजे झालं."

मी म्हटलं, "मी काय पाहुणी आहे वहीत लिहायला?" चहाची भांडी उचलून आत गेले. त्यांनी परत तो विषय काढला नाही. एकदाही नाही. शेवटी हॉस्पिटलात होते तेव्हाही नाही.

पण त्या दिवसापासून त्यांच्या "ठाव नाय"ला एक शेपूट आलं. प्रत्येक माणसाला सांगायचे, "आणि ती गंगुबाईची गोष्ट खरी नाय." माणूस विचारायचा, "मग ती कुणी पसरवली?"

बाबा म्हणायचे, "ठाव नाय."

एकतीस वर्षांत ते त्या खुर्चीवर बसून एकच खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी. मी कितीदा तिथे डबा घेऊन उभी असायचे आणि ऐकायचे. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, मला अवघड वाटू नये म्हणून.

आता तू मला म्हणतोस की त्या माणसाच्या तोंडी ती गोष्ट घाल, खाली सही कर आणि काळ्या दगडात कोरून घे.

करणार नाही. फुली मारलेला कागद सोबत परत पाठवते आहे, सही न करता. आणि रथसप्तमीला मी येणार आहे. पुढच्या रांगेतली मानाची खुर्ची नको. माझी खुर्ची मी घेऊन येईन.

तुझी आई

ता. क. रागाच्या भरात हे पत्र पायलपासून लपवू नकोस. तिला वाचायला दे. तिला माझ्यापेक्षा लवकर समजतं.


५ फेब्रुवारी २०२५

चि. साकेत,

काल तू न बोलता गेलास. मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतास, मग नव्हतास. म्हणून काल काय झालं ते सगळं लिहिते. अर्धं तुला दिसलं असेल, ऐकू आलं नसेल.

मी सकाळी आठलाच गेले. बाबांची लोखंडी खुर्ची रिक्षात घातली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, तिकडे मंडळाच्या खुर्च्या आहेत की." मी म्हटलं, "त्या प्लॅस्टिकच्या. वाऱ्याने उडतात." वहीपण घेतली होती, पिशवीत, फडक्यात बांधून. बाबा गेल्यापासून मी ती उघडलेली नव्हती.

कोठीच्या ढासळलेल्या कोपऱ्याशी, बाबा बसायचे तिथेच, खुर्ची मांडली. बंटी धावत आला.

"काकी, इथे नाय, इथे ओटीची लाइन लागणार. तुमची सीट पुढे रिझर्व्ह आहे, नाव चिकटवलंय."

"मी इथे ड्युटीवर आहे रे."

"कसली ड्युटी?"

"धाकू केणेची."

तो डोकं खाजवत तुला शोधायला गेला असणार.

नऊला बायका यायला लागल्या. नटूनथटून, हातात ताटं. पहिली आली तिला मी म्हटलं, "बाय, ओटी भर, तुझी मर्जी. पण आधी ऐक. ही गंगुबाई सव्वीस वर्षांपूर्वी मी रचली. इथे बसून, अर्ध्या तासात." मागची म्हणाली, "चल गं, म्हातारी आहे." मी म्हटलं, "म्हातारी आहे, बहिरी नाही." त्यावर दोघी-तिघी हसल्या, दोघी-तिघी चिडल्या. एक म्हणाली, "स्वतःचं कुंकू गेलं म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही." हे मला लागलं. पण मी उठले नाही. प्रत्येकीला तेच सांगत राहिले, बाबा सांगायचे तसं, आवाज न चढवता.

मग ती संचिता आली, कोपर स्टेशनजवळ राहते ती, कडेवर वर्षाचं मूल. ऐकल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. "आजी, असं नका ना बोलू. सात वर्षांनी राहिलं मला. इथेच नवस बोलले होते मी. मग मी कुणाला बोलले?"

साकेत, दिवसभरात तेवढी एकच वेळ मला वाटलं की गप्प बसायला हवं होतं.

मी तिला म्हटलं, "ते मला माहीत नाही. गंगुबाई मी रचली. तुझं पोर मी रचलेलं नाही, आणि तुझं रडणंही नाही. तू बोललीस ते खरंच बोललीस." ती खाली बसली, मुलाला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मग ती खरी गंगुबाई कशी होती?" मी मिठाच्या पाटीचं सांगितलं. मुकादमाचं सांगितलं. मिश्रीचं सांगितलं तेव्हा हसली. ताटातला नारळ माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा तिच्या नावाने तुम्हीच फोडा." मी फोडला. त्या भिंतीशी, सवाष्णींच्या जागेत, माझ्या हाताने. कुणी दंड धरला नाही.

अकरा वाजता रवींद्र सर आले. काठी लागते आता त्यांना. बंटीने त्यांच्या कानात सगळं ओतलेलं होतं. रागाने लाल झालेले. पुस्तिका नाचवत म्हणाले, "अहो, मला ही गोष्ट याच जागी एका बाईने सांगितली होती!"

"मीच ती, सर."

"मग आता नाही कसं म्हणता?"

"तेव्हा माहीत नाही म्हटलं तर तुम्ही हसलात. चाळीस मुलांसमोर."

त्यांनी पुस्तिका खाली केली. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते, जणू सदतीस वर्षांची बाई त्यात कुठे दिसते का ते शोधत होते. "मी हसलो होतो? मला आठवत नाही हो."

"मला आठवतं."

बंटी तेवढ्यात माइकवरून "हॅलो, हॅलो, चेक" करत होता. सर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. राग उतरलेला होता, पण माणूस मास्तर आहे, पुरावा मागितल्याशिवाय राहवेना. म्हणाले, "पहारेकऱ्याची नोंदवही होती म्हणतात. त्यात आमची सहल आहे का?"

मी फडकं सोडलं. वही उघडली. डिसेंबर १९९८ काढला. तो दिवस नव्हताच, बाबा त्या दिवशी कचेरीत गेले होते ना. मी पानं पुढे उलटत गेले. जानेवारी, मार्च, एप्रिल. आणि एका ओळीवर बोट थांबलं.

बाबांचं अक्षर. प्रत्येक अक्षर वेगळं, सुटं, दगड रचल्यासारखं.

४१२. नाव: गोदा. राहणार: इथेच. अंदाज:

पुढे कोरं.

चारशे तेरापासून पुन्हा भरलेलं. त्यानंतर त्यांनी सातशेहून जास्त माणसं लिहिली, तेवीस वर्षं. वाचून दाखवताना ही ओळ ओलांडून पुढे जायचे आणि मला कधी कळू दिलं नाही. मला आग्रह केला नाही, माझ्या वतीने दुसऱ्या कुणाला ती जागा दिली नाही, आणि स्वतःही काही लिहून टाकलं नाही. रोज ती वही घेऊन गढीवर गेले आणि रोज ती ओळ रिकामी परत आणली.

रवींद्र सरांनीही वाचलं. खिशातलं पेन काढून, टोपण उघडून माझ्यापुढे धरलं.

मी लिहिलं. बाबांनी सोडलेली जागा पुरली नाही, शेवटचे शब्द समासात गेले. "अंदाज: नव्हता. लाज वाटली म्हणून गोष्ट रचली. गंगुबाई ही माझी सासू, मिठागरात काम करणारी. तिने कुणाची वाट पाहिली नाही. कोठी कशासाठी बांधली ते मला माहीत नाही."

मान वर केली तेव्हा तू खांबाशी होतास. मला वाटलं येशील. आला नाहीस.

त्यानंतर फलक उघडायला येणाऱ्या पाहुण्यांचा फोन आला की ते येत नाहीत. फलकावरचं कापड कुणी काढलं नाही. आज सकाळी बघून आले, अजून तसंच आहे. मी त्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. तो दगड तुम्ही कोरलात, तो तुम्हीच बघा. पण माझं म्हणणं लिहून घे, आणि समितीत मोठ्याने वाच.

बाबांचं नाव दगडावर यावं असं मला अजूनही वाटतं. कालच्यापेक्षा आज जास्त वाटतं. त्याखाली एवढंच कोरायचं: "ही वास्तू कोणी व कशासाठी बांधली, ते माहीत नाही. आपल्याला काय वाटते?" याशिवाय एक अक्षर जास्त लिहाल तर बाबांचं नाव त्यावर राहणार नाही. मी छिन्नी घेऊन येईन. माझ्या सासूने मिठाचे बांध फोडले आहेत, मला एक ओळ खोडायला जड जाणार नाही.

तुझी मान खाली गेली असेल, ते मला कळतं. चारचौघांत आईने असं केलं. तुझ्या सहावीच्या वर्गातली ती पोरं तुला परत हसताना दिसली असतील. मला सहलीतली ती चाळीस पोरं इतकी वर्षं दिसली, आणि त्यांच्यापायी मी काय केलं ते तू आता वाचलं आहेस. बाबांना कुणी हसलं की ते फक्त विचारायचे, "तुमाला काय वाटतं?" ते घाबरट नव्हते रे. आपण दोघं होतो.

उद्यापासून मी रोज सकाळी नऊ ते अकरा तिथे बसणार आहे. मला कुणी नेमलेलं नाही, आणि हटवायचं असेल तर तसा कागद आणा. वही मी पुढे चालू केली आहे. काल जाताना रवींद्र सरांनी आपला अंदाज लिहिला. मी वाचला, पण तुला सांगणार नाही. संचितानेही लिहिला. त्यांच्या खालच्या ओळीला मी आकडा घातला आहे आणि नाव लिहिलं आहे, साकेत. राहणार काय लिहायचं ते मला कळेना, म्हणून तेवढं सोडलं. पुढचं तुझ्याजवळ. तेवीस वर्षं लागली तरी ती जागा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

तुझी आई,
गोदा धाकू केणे
राहणार: इथेच